सोन्याचा हिशेब लागला, लोखंडाचा कोण देणार?

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. आपल्या अखत्यारीतील एका संग्रहालयाने गेल्या आठवड्यात मला कळवले, की 'फोर्ट स्टिकाईन' जहाजाचे जे अवशेष माझ्या वडिलांनी त्यांच्याकडे सुपूर्द केले होते, त्यांची 'नोंद आढळून येत नाही'. पोचपावती माझ्यापाशी आहे. तिच्यावर शिक्का आहे, सही आहे आणि 'लवकरच स्वतंत्र दालनात मांडण्यात येतील' असे आश्वासनही आहे. वस्तू मात्र नाहीत.

१४ एप्रिल १९४४ रोजी, सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकाच पोटात घेऊन मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभे असलेले हे जहाज फुटले आणि त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण माणसे ८०० गेली की १,३००, याचा मेळ अजूनही बसत नाही. पुढे सुमारे ८,००० माणसे सात महिने ढिगारा उपसत होती, त्यांत माझे आजोबा होते. त्या कामात त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटे गेली, मागोमाग रोजगारही गेला. घरी आले ते जहाजाच्या पत्र्याचा पिळवटलेला तुकडा आणि एक पितळी झडप घेऊन. आजी त्या दोन्ही वस्तूंना शिव्या देत असे आणि दर दिवाळीला घासूनपुसूनही ठेवत असे.

याच जहाजावर सोन्याच्या १२४ विटा होत्या. त्यांचा हिशेब किती चोख राहिला पाहा: डॉकमधला गाळ काढताना सत्तरच्या दशकात सापडलेले सोनेसुद्धा ब्रिटिश सरकारला परत गेले. सोन्याला मालक होता. आजोबांच्या बोटांना नव्हता.

आपल्याकडे वारसा म्हणजे भूमिपूजनाचा नारळ. १९७१ च्या युद्धात लढलेली विमानवाहू युद्धनौका 'विक्रांत' सांभाळणे राज्याला परवडले नाही. २०१४ मध्ये ती सुमारे ६० कोटींना भंगारात गेली. तिकडे गुजरातेत लोथलच्या सागरी वारसा संकुलासाठी मात्र साडेचार हजार कोटी रुपये निघतात, असे वाचतो. खरे-खोटे आपण जाणता. ज्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोट झाला, तेही बुजवून टाकले गेले. तेव्हा एका झडपेचे काय एवढे, असेच आपल्या अधिकाऱ्यांना वाटत असणार.

संग्रहालयाची आवक नोंदवही आणि भंगाराच्या लिलावाची कागदपत्रे मला पाहू द्यावीत. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' हे वाक्य कृपया पुन्हा पाठवू नये. त्याच्या प्रती माझ्याकडे पुरेशा आहेत.

आपला,
एका गोदी कामगाराचा नातू