एरर असूनही फाइल तयार होते, हे शिकणाऱ्यांना आधी सांगा

मा. संपादक,
स. न.

तुमच्या पुरवणीत कोडिंग शिकणाऱ्यांसाठी लेख येतात ते मी आवडीने वाचते, पण टाइपस्क्रिप्टचा (म्हणजे जावास्क्रिप्टच, पण कुठे नंबर येणार, कुठे स्ट्रिंग म्हणजे मजकूर येणार असे 'टाइप' लिहायची सोय असलेली) विषय निघाला की एका वाक्यात उरकतात, कंपायलर (टाइपस्क्रिप्टची जावास्क्रिप्ट करून देणारा प्रोग्राम) चालवा की जावास्क्रिप्ट तयार. तयार होते हे खरंय, पण कशी होणार ते टीएसकॉन्फिग नावाच्या छोट्याशा सेटिंग्जच्या जेसन फाइलवर ठरतं आणि नेमकी तीच फाइल बहुतेक जण कुठून तरी उचलतात नि चिकटवतात, आत काय आहे ते वाचतसुद्धा नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ कशाने होतो सांगते. कंपायलरने एररची यादी दाखवली तरी तो जावास्क्रिप्टची फाइल लिहून मोकळा होतो! हे मुद्दाम तसं ठेवलंय, जुना जावास्क्रिप्टचा प्रोजेक्ट थोडा थोडा करत टाइपस्क्रिप्टमध्ये आणताना काम अडू नये म्हणून. पण नवीन माणसाला वाटतं फाइल आली म्हणजे सगळं ठीक. आमच्या टीममध्ये असंच झालं, कंपायलर चालवणारी आमची बिल्ड स्क्रिप्ट एररकडे बघतच नव्हती, एका ठिकाणी नंबरच्या जागी स्ट्रिंग जात होती आणि 10 अधिक 5 चे 15 व्हायच्या ऐवजी 105 होत होते, दोन दिवस गेले शोधण्यात, आणि कंपायलरने ते पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. टीएसकॉन्फिगमधली 'नो एमिट ऑन एरर' ही एक ओळ ट्रू केली असती तर फाइलच बनली नसती.

आणि एकदा जावास्क्रिप्ट झाली की त्यात टाइप उरतच नाहीत, सगळे पुसले जातात, म्हणजे कोड चालताना टाइप तपासायला कोणी नसतं. जी काय तपासणी व्हायची ती कंपाइल करतानाच. म्हणूनच टाइपची तपासणी कडक करणारं 'स्ट्रिक्ट' हे सेटिंग (2017 मध्ये टाइपस्क्रिप्टच्या 2.3 व्हर्जनला आलं) पहिल्या दिवसापासून चालू ठेवा असं मी कळकळीने सांगते, शंभर फाइली झाल्यावर चालू करायला गेलं की एररचा डोंगर दिसतो आणि मग लोक जिथे तिथे एनी (म्हणजे 'काहीही चालेल, तपासू नको' असा टाइप) टाकत सुटतात, मग टाइपस्क्रिप्ट वापरून उपयोग काय?

जावास्क्रिप्टच्या कुठल्या व्हर्जनमध्ये फाइल हवी ते सांगणाऱ्या 'टार्गेट'बद्दल पण गैरसमज आहे. ईएस5 हे जुनं व्हर्जन दिलं तर अॅरो फंक्शन (बाणाच्या खुणेने लिहायचं नवं फंक्शन) साध्या फंक्शनमध्ये बदलून मिळतं, बरोबर, पण जुन्या ब्राउझरमध्ये प्रॉमिस (उशिरा येणाऱ्या उत्तरासाठीची जावास्क्रिप्टमधली सोय) हेच नसेल तर कंपायलर ते आणून देत नाही, त्यासाठी पॉलिफिल, म्हणजे ती उणीव भरून काढणारा कोड, वेगळं घालावं लागतं. 'आउटडिर'चं काही विशेष नाही, तयार फाइली कुठे जाव्यात एवढंच ते सांगतं.

पुढच्या वेळी यावर लेख आला तर कृपया ही फाइल ओळीओळीने समजावून छापा, आणि सुरुवात त्या एररवाल्या ओळीपासून करा ही विनंती.

आपली,
एक वाचक