ठासणीची बंदूक त्याच रात्री धुवा

संपादक महोदय,

पीक राखायला ठासणीची (नळीच्या तोंडातून बारूद ठासून भरायची) बंदूक 1959 च्या शस्त्र कायद्यातच (कलम 13) सांगितली आहे. तुरीच्या धुऱ्यावरून एक बार, पांढरा लोट, अन् रानडुकरांचा कळप पसार. ही मजा काडतुसात नाही. कटकट नंतरची. काळी बारूद जळूनही निम्म्याहून जास्त घनरूपातच उरते. काही धुरात जाते, बाकी क्षार होऊन नळीला चिकटते, ओल ओढते आणि गंज धरतो. नुसतं तेल चोपडून भागत नाही, क्षार पाण्यातच विरघळतात. नळी रिकामी असल्याची गज घालून खात्री करा. टोपी (ठिणगी पाडणारी छोटी स्फोटक वाटी) बसते ती निपल काढून कढत पाणी, गजाला चिंधी, काळं येणं थांबेपर्यंत. पूर्ण वाळल्यावरच तेल, तेही बेताचं. निपलच्या भोकात तेल राहिलं की पुढच्या खेपेला टोपी फुटते, बार होत नाही. तेव्हा नळीचं तोंड मोकळ्या रानाकडेच ठेवून मिनिटभर थांबा. डोकावू तर मुळीच नका.

— एक शेतकरी, जि. चंद्रपूर