टीचर, ते जुनं पोस्टकार्ड वाचून दिल्याबद्दल तुमचे मनापासून आभार

टीचर, फोनवर मला नीट बोलताच आलं नाही म्हणून हे लिहितोय.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात ते कार्ड मिळालं तेव्हा मी फक्त चित्र बघून घेतलं होतं, मांडवीचा काठ, माड, हाताने भरलेले फिके रंग. मागचं पोर्तुगीज अक्षर म्हणजे माझ्यासाठी मुंग्यांची रांग. दोनतीन जणांना दाखवलं, सगळे म्हणाले जाऊ दे रे, काहीतरी खुशाली असेल. तुम्ही मात्र भिंग घेऊन खिडकीजवळ बसलात आणि चहा गार झाला तरी उठला नाहीत.

मी ज्याला 9 समजत होतो तो क्यू निघाला, आणि एमला चिकटलेलं बारीक टीओ म्हणजे ‘मुइंतु’, खूप. कार्डावर जागा कमी म्हणून लोक असे शब्द आवळून लिहायचे हे तुमच्याकडून कळलं. शिक्क्यावर नोव्हा गोवा, म्हणजे पणजी, एवढंच लागतं, साल पुसलंय, पण तिकिटावर पोर्तुगालचा राजा कार्लोस आणि त्याच्यावरच छापलेलं ‘रेपुब्लिका’, म्हणजे प्रजासत्ताक, बघून तुम्ही लगेच म्हणालात, राजा गेला 1908 ला, तिथली राजेशाही गेली 1910 ला, मग जुनी तिकिटं अशी छापून वापरली, म्हणजे कार्ड त्यानंतरचंच. विकणारा तर 1900 च्या आधीचं म्हणून सांगत होता!

आणि मजकूर, बहिणीने लोरेन्सो मार्किसला, म्हणजे आताच्या मापुतोला असलेल्या भावाला लिहिलेला. घर शाकारून झालं, आईचा डोळा बरा आहे, ती रोज तुझ्या पत्राची वाट बघते, आणि शेवटी ‘सौदादिश’. तो शब्द तुम्ही दोनदा वाचलात, म्हणालात याला मराठीत एक शब्द नाही, आठवणीने जीव तुटतो ना, तसं. आणि मग जे म्हणालात ते माझ्या डोक्यातून जातच नाही, की आफ्रिकेला गेलेलं कार्ड म्हापशात सापडलं म्हणजे कोणीतरी ते जपून परत आणलं.

पैशांचं नाव काढल्यावर तुम्ही रागावलात म्हणून परत काढत नाही. पत्रात ‘आईचा डोळा’ याच्या पुढचा एक शब्द लागत नव्हता, मी म्हटलं अंदाजाने लिहा ना, तुम्ही म्हणालात दुसऱ्याच्या पत्रात आपला शब्द घालायचा नाही. तिथे तुम्ही पेन्सिलीने केलेलं प्रश्नचिन्ह मी तसंच ठेवलंय. रविवारी आणखी तीन कार्डं घेऊन येतो, आणि तुमच्यासाठी लाइटवालं भिंगही मिळालंय.