उसळीत आमसूल कधी घालावे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतली काळ्या वाटाण्याच्या उसळीची कृती वाचली. भाजलेल्या खोबऱ्याचे वाटप, मालवणी मसाला आणि सोबत आंबोळ्या, सारे आमच्या घरच्यासारखेच आहे. मात्र भिजवलेले वाटाणे, आमसुले, गूळ आणि मीठ एकदमच कुकरला लावावे, असे जे तीत म्हटले आहे, ते नवशिक्याला हमखास फसवणारे आहे.

कडधान्य शिजते म्हणजे त्याच्या पेशींना सांधून ठेवणारे पेक्टिन गरम पाण्यात विरघळते. पाणी आंबट असले की हे विरघळणे मंदावते, म्हणून आमसूल, चिंच किंवा टोमॅटो आधी पडला की दाणा तसाच राहतो. गुळात थोडे कॅल्शियम असते आणि तेही पेक्टिनला घट्ट करते. गेल्या महिन्यात पाहुणे दारात असताना घाईघाईत माझ्याच हातून हे घडले. आठ शिट्ट्यांनंतर कुकर उघडला, तर रस्सा सुरेख दिसत होता. पण चमच्याने दाबलेला वाटाणा निसटून ओट्यावर टणकन उडाला. पाहुण्यांनी आंबोळ्या चटणीशी खाल्ल्या.

मिठावर मात्र उगाच आळ येतो. एक लिटर पाण्यात सुमारे 15 ग्रॅम मीठ घालून त्यात वाटाणे रात्रभर भिजवले, तर सालीतल्या कॅल्शियमची जागा काही अंशी सोडियम घेते आणि साल मऊ पडते. सकाळी ते पाणी ओतून वाटाणे धुऊन घ्यावेत. बिरड्यासाठी वाल भिजवताना मात्र ही युक्ती करू नये, कारण खाऱ्या पाण्याने मोड नीट येत नाहीत, आणि मोड नसलेल्या कडव्या वालाला बिरडे म्हणायला आमची सासूबाई तयार होत नसत.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत जड होते, तेव्हा चिमूटभर खायचा सोडा चालतो. जास्त घातल्यास साबणासारखी चव येते आणि ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते. आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळा काढलेले कडधान्य मुळातच चिवट होते. ते जास्त वेळ शिजवण्याला पर्याय नाही.

तेव्हा वाटाणा बोटांत सहज चेपला गेल्यावरच फोडणी आणि वाटप घालावे, मसाला रश्शात मुरेपर्यंत मंद आचेवर उकळू द्यावे, आणि शेवटच्या पाच-सात मिनिटांत वाटीभर वाटाण्यांना चार आमसुले व सुपारीएवढा गूळ टाकावा. चवीचे मीठ त्याच्याही नंतर, कारण आमसुले पुष्कळदा मीठ लावून वाळवलेली असतात आणि त्यांचा खारटपणा रश्शात उतरल्याशिवाय अंदाज येत नाही. वाटपाऐवजी नारळाचे दूध वापरायचे असल्यास ते अगदी अखेरीस घालून फक्त गरम करावे. खळखळ उकळले की फुटते.

येत्या रविवारी कृतीतला हा क्रम दुरुस्त करून छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग