आई, तुझ्या ओव्या पाठव

घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

ती. आई-बाबांना सा. न.

शाळेच्या लॅपटॉपवर पोरांना नेमकं काय शिकवतेस, असं बाबांनी परवा विचारलं आणि तेवढ्यात रेंज गेली. म्हणून लिहिते.

सातवीची मुलं अभंग रचतात आणि तो तपासणारा प्रोग्रॅमही पायथॉनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला सूचना द्यायच्या एका भाषेत, तीच लिहितात. मोठ्या अभंगाचं माप बाबांना ठाऊक आहेच: पहिले ३ चरण ६-६ अक्षरांचे, चौथा ४ अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. एका मुलीनं लिहिलं,

पांढरं शिवार । माय वेचे बोंड ।
लाल झालं तोंड । उन्हापायी ॥

बोटांवर मोजलं, चोख भरलं. कॉम्प्युटरचा हिशेब मात्र जुळेना. साधं ‘विठ्ठल’ घ्या. आपल्या कानाला ३ अक्षरं, तो म्हणतो ६! युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीनं साठवतो तिच्यात, वेलांटी वेगळी, पाय मोडायची खूणही वेगळी, आणि दोन्ही ठ सुटे. मग पोरांनी टाळ्या वाजवत एकेक शब्द म्हणून पाहिला आणि नियम काढला: काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार सोडायचे, पाय मोडलेलं अक्षर पुढच्यात मिसळतं, तेही सोडायचं. फळ्यावर इतकं शिकवूनही न बसलेलं जोडाक्षर त्या दिवशी पक्कं बसलं. प्रोजेक्टरवर तयार व्हिडिओ लावून पोरांना गप्प बसवणं मला पटत नाही, ते याचसाठी. लाईन गेली तरी टाळ्यांवर आमचा तास चालू राहतो.

आई, खरी अडचण तुझ्या ओवीनं केली. मला आठवत होती ती एक दिली, तर प्रोग्रॅमनं चूक दाखवली. जात्यावरच्या ओवीत अक्षरांची संख्या कमी-जास्त होते, गाताना सूर ते सांभाळून घेतो. एक पोरगा मापात बसवायला शब्द कापायला निघाला. मी म्हटलं, ओवीला हात लावायचा नाही, प्रोग्रॅम बदल. आता ओवीत प्रोग्रॅम यमक तेवढं तपासतो.

तुझ्या ओव्या दादाच्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवशील? नुसत्या सांगू नकोस, गाऊनच म्हण. कुठे लांबवतेस, कुठे भरभर म्हणतेस, ते पोरांना ऐकायचं आहे. बाबा, कापूस वेचायला बाया मिळाल्या का, तेही कळवा.

तुमची लेक