सुट्टीतील दुपारी आणि वाचनालयातील फासे

महोदय,

उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती आपल्या दैनिकात येऊ लागल्या आहेत. ही शिबिरे बहुधा सकाळी भरतात. एप्रिल-मे महिन्यांत खान्देशात पारा ४४ अंशांच्या पुढे गेला की दुपारभर मुले घरातच अडकून पडतात, आणि मग मोबाइल आहेच. या वेळेसाठी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयांनी टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळाचा एकेक स्टार्टर सेट, म्हणजे नवख्यांसाठीचा संच, ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

या खेळात एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे चार-पाच जण आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते बोलतात, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासा निकाल देतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला सर्वांत गाजलेला खेळ. मात्र त्याचे आजचे मुख्य नियम प्रत्येकी तीनशेहून अधिक पानांच्या तीन ग्रंथांत विखुरलेले असल्याने नवखा माणूस ते पाहूनच मागे सरतो. २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये ही अडचण ओळखून अवघी ३२ पानांची नियमपुस्तिका, ६४ पानांची तयार कथा, सहा फासे आणि पाच पात्रांची माहिती आधीच भरून ठेवलेले कागद दिले होते. माझ्या मते खरी सोय या भरलेल्या कागदांत आहे. लढवय्या, चोर, जादूगार यांपैकी एक कागद उचलला की मूल पाच मिनिटांत खेळायला लागते.

नियम आधी वाचून दाखवू नयेत. पडक्या वाड्याचे दार आतून बंद आहे, एवढे सांगून थांबावे. एक मुलगी दार फोडते म्हणाली तर वीस बाजूंचा फासा टाकायला लावून त्यात तिच्या कागदावरचा ताकदीचा बोनस मिळवावा. बेरीज १५ किंवा अधिक झाली तर दार उघडले. शेजारचा मुलगा अहिराणीत ‘पहिले खिडकीमाईन देखू’ म्हणाला, तर त्याला प्रमाण भाषेत बोलायला लावण्याचे काहीच कारण नाही. (फासे म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण इथे पैजही नाही आणि पैसाही नाही.)

परदेशी संच महाग पडतो आणि इंग्रजीत असतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले असून मूळ श्रेय नमूद करून त्यांचा मराठी अनुवाद करता येतो. संचातील कथा आणि चित्रे मात्र या परवान्यात येत नाहीत; त्यामुळे कथा आपल्यालाच रचावी लागेल, आणि लळिंगचा किल्ला किंवा पाटणादेवीचे जंगल हाताशी असताना ते अवघड नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील एखाद्या वाचनालयाने पुढाकार घेतल्यास नियमांचा मराठी गोषवारा आणि पाच पात्रांचे कागद मी विनामूल्य तयार करून देईन. सूत्रधार म्हणून बसण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थी शोधावे लागतील. त्यांची ओळखसभा परीक्षा संपताच घेतली तर मे महिन्याआधी तयारी होऊ शकेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर