ढकलपास म्हणजे नक्की काय?

मा. संपादक,
स.न.

पाचवी-आठवीच्या परीक्षेची बातमी आली की मथळा ठरलेला, 'ढकलपास बंद'. हा शब्द एवढा रुळलाय की लोकांना वाटतं कायद्यातच तसं लिहिलं होतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 16 काढून बघा, पास करा असं तिथे कुठेच नव्हतं, आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवू नका आणि शाळेतून काढू नका एवढंच होतं. वर्षभर मूल्यमापन करा हे तर कायदाच सांगतो, ते मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आमच्या लहानपणी ढकलपास वेगळा असायचा. गणितात चार-पाच मार्क कमी पडले की वडील हेडमास्तरांना भेटायचे, विनवण्या करायचे आणि पोरगं 'वर चढवलं' जायचं. वर्गात असा एखादाच. आता 2010 नंतर शाळेत गेलेली सगळीच पोरं ढकलपास, दुकानात कुणाची बेरीज चुकली की लगेच 'ढकलपास बॅच दिसतेय' म्हणून हसायचं. अहो पण ढकललं कुणी ते विचारा ना!

मी झेडपीच्या शाळेत शिकवलंय म्हणून सांगते. अ-1 पासून इ-2 पर्यंत श्रेणी होत्या, इ मधल्या मुलांना पूरक मार्गदर्शन देऊन निदान ड पर्यंत तरी आणायचं असं ठरलेलं. व्हायचं काय, एप्रिल आला की बऱ्याच ठिकाणी मूल्यमापनाच्या तयार नोंदींचं बाजारातलं पुस्तक उघडायचं आणि 'परिपाठात उत्साहाने सहभागी होतो' हे एकेका नावापुढे उतरवत जायचं, मुलगी असली तर 'होते', आणि घाईत तेही राहून जायचं. जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती, हे सगळं मागे होतंच हे मान्य, पण ढकलणं म्हणतात ते हे.

2019 मध्ये केंद्राने कायदा बदलला, डिसेंबर 2023 मध्ये आपल्या राज्याने पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. नापास झालेल्याला आधी जादा शिकवायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची हे बदललेल्या कायद्यातच आहे, मथळ्यात ते कधी येत नाही. तेव्हा विनंती एवढीच की या मे महिन्यात एखादा वार्ताहर खेड्यातल्या शाळांवर पाठवा, हे जादा वर्ग खरंच भरतात का, कोण घेतं, आणि मामाच्या गावाला गेलेल्या पोरांचं काय करतात ते छापा.

- एक निवृत्त शिक्षिका, सातारा